नियमाप्रमाणे प्रत

प्रमिलाबाई,

तुमचं धुळ्याहून आलेलं कार्ड महिनाभर माझ्या टेबलावर पडून आहे. त्यावर मोजून चार शब्द. "पोचवलं का? खरं सांगा." मजकूर टाइप केलेला, खाली सही तेवढी शाईची. अशा कार्डाला उत्तर लिहायला दोन मिनिटं लागत नाहीत, हे मलाही कळतं. पण तीस वर्षं कॉलेजात 'थोडक्यात उत्तरे द्या'चे पेपर तपासले आणि थोडक्यात उत्तर देणारा बहुतेक वेळा काहीतरी झाकत असतो एवढं शिकले. म्हणून सगळं लिहिते. तुमच्याबद्दलच लिहिते, पण तुम्हाला तिसऱ्या माणसासारखं बाजूला बसवून. समोर बसवलं की तुम्ही मध्ये मध्ये शुद्धलेखनाच्या चुका काढता. छापायची परवानगी तुमचीच आहे. "लिहा हो, माझं आता झाकायचं काय उरलंय? फक्त कौतिकला दोष देऊ नका," असं माझ्याच पायरीवर उभं राहून सांगितलंत. नाही देत.

तर ऐका.

जळगावात पिंप्राळ्याकडे, रिक्षा थांबतात त्या चौकातून आत वळलं की एका पिठाच्या गिरणीवरच्या माडीत प्रमिलाबाई शिरसाठांचा टायपिंग क्लास होता. चौदा यंत्रं, त्यातली नऊ मराठी. खाली गिरणीची घरघर, वर यंत्रांची खडखड. नवखा माणूस जिन्यातच कानावर हात ठेवायचा. बाईंना मात्र त्या गदारोळात पाठमोरं उभं राहून कळायचं, कुणाचं बोट कुठल्या कळीवर चुकलं ते. "करंगळी घरी ठेवून आलास का रे?" असं म्हणेपर्यंत मागं वळायच्यासुद्धा नाहीत.

नवरा देवचंद एसटीच्या वर्कशॉपात. एक्याऐंशी साली बाईंनी दोन जुन्या यंत्रांवर क्लास सुरू केला. चोपड्याची, एरंडोलची, आसपासच्या खेड्यांतली पोरं यायची. कुणाच्या घरी केळी, कुणाच्या घरी मजुरी. बौद्ध वस्तीतल्या मुलींना बाई स्वतः घरी जाऊन घेऊन यायच्या. "पोरीला यंत्रावर बसवा, उद्या ती खुर्चीवर बसेल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पंधरा वर्षांत दोन जिल्ह्यांतलं क्वचितच एखादं सरकारी कार्यालय असेल, जिथं बाईंच्या हाताखालची बोटं नव्हती.

शिकवणं कडक. त्यातही दोन गोष्टींवर त्या हट्टी होत्या. पहिली म्हणजे कार्बन. पोरगा चुकला, की वरच्या पानावर रबर घासून मोकळा व्हायचा. बाई खालची प्रत ओढून त्याच्या नाकासमोर धरायच्या. "वर गंगेत न्हाऊन आलास, आणि हे? साहेबाच्या फाइलला हेच लागणार आहे." मग वापरलेला कार्बन खिडकीशी धरायच्या. उजेडात त्यावर सगळा मजकूर उमटलेला दिसे, चूक आणि चुकीवर मारलेली अक्षरंसुद्धा.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत. सरकारी पत्राच्या तळाशी 'प्रत माहितीसाठी सादर' आणि खाली नावं. ती विसरली की परीक्षेत गुण कापले जात. बाईंनी हे इतकं घोटून घेतलं होतं, की पोरं मामाला लिहिलेल्या पत्राखालीही गमतीनं 'प्रत: मामी' लिहीत. पत्र संपत आलं की विद्यार्थ्यानं विचारायचं, "बाई, प्रत?" आणि बाईंनी म्हणायचं, "नियमाप्रमाणे." दिवसातून वीस वेळा तरी हे व्हायचं. हे लक्षात ठेवा.

आता ब्याण्णव साल.

त्या एप्रिलात देवचंदांची मूत्रपिंडं गेली आणि तीन आठवड्यांत ते अंथरुणाला खिळले. एकुलता मुलगा प्रसेनजित पुण्याला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. घरच्यांचा जितू. सगळा जन्म दुसऱ्यांच्या गाड्यांखाली आडवं पडून नट आवळलेल्या माणसाच्या घरात हा पहिला इंजिनियर होणार होता, आणि त्याचे पेपर चार दिवसांवर आले होते.

दुपारी देवचंदांनी विचारलं, "जितूला कळवलं?"

"तार केली," बाई म्हणाल्या. केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी परत, "तार केली ना गं?"

"केली म्हटलं ना. येईल."

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "फॉर्म आण. मी सांगतो तसं लिही." बाईंनी तारेचा फॉर्म आणला. देवचंदांनी दोनच शब्द सांगितले. "ये. बाबा." बाईंनी लिहिले, फॉर्म पर्समध्ये घातला, उन्हात तार ऑफिसच्या पायरीपर्यंत गेल्या, आणि तिथं उभं राहून त्यांनी हिशेब केला. तार संध्याकाळी पोचणार, पोरगा रात्रीची गाडी धरणार, परवाचा पेपर बुडणार, वर्ष जाणार. आणि डॉक्टर तर म्हणतात, अजून पंधरा दिवस काढतील. त्या परत फिरल्या.

"केलीस?"

"तार केली."

"किती वाजता?"

इथं माणूस अडखळला असता. बाई अडखळल्या नाहीत. म्हणाल्या, "पावणेचारला."

"म्हणजे सकाळच्या गाडीनं येतो," देवचंद म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

जितूचे पेपर अजून दहा दिवस चालायचे होते. बाईंनी नातेवाइकांना हात जोडले, अंत्यविधी उरकला, पुण्यानुमोदनही झालं, आणि शेवटचा पेपर झाल्यावर पोराला बोलावलं. स्टँडवरून रिक्षानं घरी आला तो सरळ हार घातलेल्या फोटोसमोर. मग म्हणाला, "मला का नाही कळवलं?"

"बाबांनीच सांगितलं. म्हणाले, पोराचे पेपर होऊ द्या."

"एकदाही नाव काढलं नाही माझं?"

"नाही."

बाईंना वाटलं, यानं पोराचं मन हलकं होईल. बापानं स्वतःच सोडलंय म्हटल्यावर त्याला टोचणी राहणार नाही. मी त्यांना तोंडावर सांगितलंय, तुमच्या तीन 'तार केली'पेक्षा हा एक 'नाही' वाईट होता. त्यावर त्या भांडल्या नाहीत, यावरून काय ते समजा.

पुढं जितूला पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं. तो वाईट वागला असं मी म्हणणार नाही. फोन करायचा, म्हणजे समोर आमच्याकडं करायचा. शिरसाठांकडं फोन नव्हता. बाई धावत येत, पदराला हात पुसत. "बरी आहे. हो. तू जेवतोस ना? बरं." एवढ्यात संपलं. रिसीव्हर ठेवल्यावरही क्षणभर हात त्याच्यावरच असायचा.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये नातीचं बारसं झालं. बाई पुण्याला गेल्या त्या देवचंदांचा फ्रेम केलेला फोटो टॉवेलात गुंडाळून. नव्या घरात नातीच्या आजोबांचा एक फोटो असावा, एवढंच. जितूनं टॉवेल सोडला, बघितलं आणि पुन्हा गुंडाळला. "राहू दे आई. शेवटी ज्यांना मी आठवलो नाही, त्यांना माझ्या भिंतीवर कशाला अडकवू?"

रागानं म्हणाला असता तर बरं. तो अगदी हळू बोलला. बाई फोटो परत घेऊन आल्या. गाडीत अख्खी रात्र मांडीवर धरून बसल्या असतील. मी विचारलं नाही.

आता त्यांना एकच काम उरलं. बापानं तुला तीनदा बोलावलं, मी कळवलं नाही, हे पोराला सांगायचं. तोंडानं जमेना. अंतर्देशीयावर लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. कागदावर आलं की ते उरतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्याच सुमारास क्लासात संगणक आले होते. जीवराम नावाच्या धुळ्याच्या एका माणसानं चार इथं आणि चार धुळ्याला बसवले. यंत्रं त्याची, शिकवणं बाईंचं. दर गुरुवारी आणि शनिवारी बाई एरंडोल-पारोळा करत एसटीनं धुळ्याला जायच्या. साठीच्या जवळ आलेली बाई तो पडदा बघून लहान मुलासारखी हरखली होती. अक्षर चुकलं की एक कळ दाबायची, गेलं. रबर नाही, भुकटी नाही, खालची प्रत नाही. "पाटी पुसली तरी पांढरं राहतं हो," मला म्हणाल्या, "इथं तेवढंही राहत नाही. काचेवरची वाफ नुसती."

एवढी कार्बनवाली बाई, आणि तिला हे वाटलं!

ई-मेल म्हणजे काय, हे मुलांना शिकवायचं होतं. नाशिकला फोन लावून लाइन मिळवायची, ती मिळेपर्यंत यंत्र शिट्ट्या मारायचं. जीवरामनं प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक पत्ता काढून दिला होता, जळगावची अकरा आणि धुळ्याची आठ मुलं. सराव म्हणून एकानं लिहायचं आणि बाकीच्यांना प्रत. पत्र पाठवायच्या जागेखाली प्रतीची वेगळी चौकट होती, ती बघून बाईंना कोण आनंद झाला! "बघा, साता समुद्रापलीकडच्यांनाही प्रत लागतेच."

कौतिक हा क्लासातला सगळ्यात हुशार विद्यार्थी. चोपड्याकडचा, चोवीस वर्षांचा. तो एका ओळीत दोन चुका करायचा नाही. जुलैतल्या एका दुपारी, दोन बॅचच्या मधल्या वेळेत, बाईंनी त्याला थांबवून घेतलं. "मला एक पत्र पाठवायचंय. टाइप मी करते, पाठवायचं तू."

इंग्रजी अक्षरांत मराठी. चाळीस मिनिटं बाई थांबल्या नाहीत. कौतिक शहाणा पोरगा. पडद्याकडं पाठ करून खिडकीतून गिरणीतली गर्दी बघत राहिला. बाईंनी सगळं लिहिलं. तीन दुपारी लिहिल्या. फॉर्म लिहिला. पायरी लिहिली. पावणेचार लिहिलं. शेवटी लिहिलं, तुझ्या बापानं तुलाच बोलावलं होतं, मला शिक्षा कर पण त्यांना भिंतीवर घे.

मग उठून त्या माठाकडं गेल्या. पेला भरून पाणी प्यायल्या.

कौतिक खुर्चीवर बसला. मजकूर न वाचता त्यानं वरची चौकट तपासली. जितूदादांचा पत्ता बरोबर होता. खालची चौकट रिकामी होती.

"बाई, प्रत?"

बाईंचं मन पुण्यात होतं. तोंड क्लासात होतं. तोंड म्हणालं, "नियमाप्रमाणे."

झालं. पत्र पुण्याला गेलं, आणि जळगाव-धुळ्याच्या एकोणीस जणांना माहितीसाठी सादर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कौतिक दारात. एरवी बाईंशी अगदी पुस्तकी बोलायचा. त्या दिवशी घरची बोली सुटली.

"बाई, मना हातथाईन चूक व्हयी गयी. ते पत्र बठ्ठासले गयं."

"सगळ्यांना? कुणाला?"

"बठ्ठासले, बाई. मी वाचं नही. आईनी आण, मी वाचं नही. पण बाकीनासनी वाचं."

बाई उंबऱ्यातच बसल्या. मग म्हणाल्या, "परत मागव."

"येत नाही परत."

"का नाही येत? पोस्टातसुद्धा अर्ज केला तर पत्र परत देतात, पोचायच्या आधी."

"हे पोचलेलं आहे बाई. निघालं तेव्हाच पोचलं."

मी समोरच्या ओट्यावरून हे ऐकत होते. मला त्या पोराची दया आली आणि बाईंची आली नाही, हे कबूल करते. बाई मात्र उठल्या, त्याला आत घेऊन चहा दिला आणि म्हणाल्या, "नियम कुणी शिकवला?"

"तुम्ही."

"मग चूक कुणाची?"

तो रडायला लागला.

सोमवारी बाई क्लासला गेल्या. जिना चढताना वरचा आवाज कानावर आला. धनसिंग नावाचा एक वात्रट मुलगा होता, त्याला कुणीतरी विचारत होतं, "काय रे, उतारा झाला?"

"तार केली!"

"किती वाजता?"

"पावणेचारला!"

आणि अख्खा क्लास हसला. वाईट मुलं होती असं नाही. हाती लागलेला नवा शब्द मुलं खेळवतातच. बाई मधल्या पायरीवर उभ्या राहिल्या. मग वर जाऊन नेहमीसारखी हजेरी घेतली. धनसिंगचं नाव आलं तेव्हा "हजर" म्हणताना त्याचा आवाज चिरकला.

जितूचं उत्तर आठ दिवसांनी आलं. जीवरामनंच पडद्यावर उघडून दिलं आणि तो बाहेर गेला. दोन ओळी होत्या. 'पत्र मिळालं. प्रती कुणाकुणाला दिल्यास तेही वाचलं.'

त्यानंतर आमचा फोन वाजला तरी बाई आल्या नाहीत, कारण तो त्यांच्यासाठी वाजलाच नाही.

जीवराम मनाचा भला. म्हणाला, "बाई, पंधरा दिवस विश्रांती घ्या. पोरं विसरतील."

"पोरं विसरतील. यंत्र?"

"इथलं मी पुसलं."

"आणि एकोणीस ठिकाणचं?"

ते पुसणं जीवरामच्या हातात नव्हतं.

"मग विश्रांती कशाला? शिकवते."

ऑगस्टच्या नव्या बॅचपासून बाईंनी पहिला तास बदलला. संगणक सुरूच करायचा नाही. प्रत्येकाच्या हातात एक वापरलेला कार्बन द्यायचा आणि म्हणायचं, खिडकीशी जा, वाचा. मुलं वाचत. अर्ज, दाखले, कुणीतरी गंमत म्हणून मारलेलं एका मुलीचं नाव ओळीनं बारा वेळा.

"हे कुणी टाइप केलं?"

"काय माहीत बाई."

"त्यालाही माहीत नाही की हे इथं आहे. वरचा कागद त्यानं फाडला असेल, गिळलाही असेल. ही मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. आणि आज तिचं नाव तू वाचलंस."

एक पोरगी चाचरत म्हणाली, "पण बाई, संगणकात कार्बन कुठं असतो?"

"तेच तर. दिसत नाही. मला पण दिसला नव्हता."

मुलं एकमेकांकडं बघत. कुणाला माहीत असायचं, कुणाला नसायचं. बाई पुढं काही सांगत नसत. मग फळ्यावर लिहायच्या, 'पाठवण्याआधी प्रतीची चौकट मोठ्यानं वाचा,' आणि तो धडा संपायचा. 'नियमाप्रमाणे' हा शब्द त्यांनी टाकून दिला. कुणी "बाई, प्रत?" विचारलं की विचारायच्या, "कुणाला? आणि का?" मुलांना कंटाळा यायचा. जुने विद्यार्थी म्हणायचे, बाई आता थकल्या.

मला हे सगळं व्यर्थ वाटत होतं, आणि मी तसं बोलतही होते. "अहो, ज्यानं ऐकायला हवं तो पुण्यात बसलाय. त्याच्यासाठी काहीतरी करा की." त्या म्हणायच्या, "त्याला लिहायला आता माझ्याकडं कागदच नाही." मी म्हणायचे, दस्ता आणून देते. मला वाक्याचा अर्थ कळायला उशीर लागतो, प्राध्यापक होते तरी.

मग नव्व्याण्णवचा फेब्रुवारी. धुळ्याचा क्लास, शनिवार. नवी बॅच, शिरपूरची एक मुलगी, बोलकी, दोन वेण्या. बाईंनी विचारलं, "कालचा उतारा पूर्ण केलास?"

"तार केली, बाई."

बाकीची हसली. कुणीतरी मागून म्हणालं, "किती वाजता?" आणि तीन-चार आवाज एकदम, "पावणेचारला!"

बाई वळल्या. "याचा अर्थ काय गं?"

मुलगी गोंधळली. "काही नाही बाई. म्हणजे, केलं म्हणायचं आणि केलेलं नसायचं. आमच्या कॉलेजात सगळे असंच म्हणतात."

"कुठून आलं हे?"

"काय माहीत. जुनंच असेल. माझी मामेबहीणपण म्हणते, दोंडाईच्याला."

दोंडाईचा. बाईंचा एकही विद्यार्थी दोंडाईच्याचा नव्हता.

"आणि पावणेचारच का?"

"ते तसंच आहे बाई. म्हणच आहे ती."

बाईंनी हातातला खडू ठेवला. "जुनी नाही ती. सात महिन्यांची आहे. माझी आहे." आणि त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, तारखांसकट, मी वर लिहिलंय त्याच्या निम्म्या वेळात. कुणाचं नाव घेतलं नाही, कौतिकचंही नाही. "माझा नवरा आठ वर्षांपूर्वीच्या... नाही, सात. सात वर्षांपूर्वीच्या एका दुपारी 'किती वाजता' म्हणाला होता. तो तुमच्यातल्या कुणालाच माहीत नाही. त्याचा शब्द मात्र तुम्हाला पाठ आहे. त्या यंत्रात तुम्ही जे घालाल त्याचं असंच होणार. तुमचं नाव गळून पडेल आणि वाक्य तेवढं फिरत राहील."

दोन वेण्यांची मुलगी रडायला लागली.

"तू कशाला रडतेस? तू नवीन आलीस. बस. उतारा कर."

संध्याकाळच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. पारोळ्याला शेजारची बाई उतरली, तिच्या जागी कुणी आलं नाही. एरंडोल गेलं. बाईंनी पर्स उघडली, चोरकप्प्यातून एक घडी काढली, पाहिली आणि पुन्हा ठेवली.

ती घडी रविवारी सकाळी त्यांनी माझ्यापुढं ठेवली. तारेचा फॉर्म. पिवळा पडलेला, घडीवर फाटत आलेला. जितूचा तेव्हाचा वसतिगृहाचा पत्ता आणि खाली बाईंच्या वळणदार अक्षरात, 'ये. बाबा.'

"तुम्ही एप्रिलात लेकीकडं पुण्याला जाताय ना? हे जितूच्या हातात द्या."

"पोस्टानं पाठवा की. रजिस्टर करा."

"नको. हातातून हातात. ते पत्र वीस जणांना गेलं, म्हणून त्याचं राहिलं नाही. हे त्याच्या बापानं त्याच्या एकट्यासाठी सांगितलेलं आहे. याची प्रत नाही."

"आणि काय सांगू त्याला?"

"काही सांगू नका. फक्त द्या. त्यानं उघडलं की निघा."

मे महिन्यात बाईंना विचारून जीवरामनं जळगावची टंकयंत्रं काढली आणि बाई धुळ्याला गेल्या. देवपुरात एक खोली घेतली आहे, तिथं देवचंदांचा फोटो भिंतीवर आहे असं कौतिकनं सांगितलं. तो शिरपूरला नोकरीला आहे, अधूनमधून बाईंकडं जातो. म्हणाला, खोलीत दोन खुर्च्या आहेत, दुसरीवर कपड्यांची घडी असते. तो भेटायला गेला की बाई ती घडी उचलून त्याला बसवतात.

तर, प्रमिलाबाई, आता तुमच्या कार्डाचं उत्तर.

एप्रिलात मी पुण्याला गेले. जितूच्या कंपनीत गेले, सकाळी अकराला. पुढं बसलेल्या मुलीनं सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत, बसा. बसले. बारा वाजले. साडेबारा झाले. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी बँकेतसुद्धा तिसरा नंबर असेल तर घरी येते. मुलगी म्हणाली, पाकीट माझ्याकडं ठेवा, देते. ते तुम्ही नको म्हटलं होतं. म्हणून मी उठले. म्हटलं, पुढच्या वेळी घरीच जाऊ, निवांत.

पुढची वेळ आली ऑक्टोबरात. घराला कुलूप होतं. शेजाऱ्यानं सांगितलं, कंपनीनं अमेरिकेला पाठवलं, बायको-मुलीसकट, ऑगस्टातच. दोन हजार साल लागतंय म्हणून तिकडच्या यंत्रांची काहीतरी दुरुस्ती आहे म्हणे. पत्ता त्याच्याकडं नव्हता. ई-मेलचा आहे म्हणाला, देऊ का?

मी नको म्हटलं.

परत आल्यावर तुमचं कार्ड आलं. मी उत्तराच्या कार्डावर 'पोचवलं' असं लिहिलंसुद्धा होतं. पत्ता घालायचा तेवढा राहिला होता. मग मनात विचार आला, तुम्ही वाचाल आणि विचाराल, किती वाजता? ते कार्ड मी फाडलं.

एप्रिलात अजून अर्धा तास बसले असते तर भेटला असता. साहेब एक वाजता बाहेर येतात, असं ती मुलगी म्हणालीच होती.

फॉर्म माझ्याकडं आहे. शब्दकोशात ठेवलाय, 'त'च्या पानांत.